आयपीव्ही६वर आणलेले सेन्सर मध्येच गायब व्हायचे, त्यावरचा उपाय

इमारतीतले तापमान आणि कार्बन डायऑक्साइडचे सेन्सर आयपीव्ही६वर (इंटरनेट प्रोटोकॉलच्या नव्या आवृत्तीवर) आणले आणि एक विचित्र दुखणं सुरू झालं. सेन्सर रीस्टार्ट केला की रीडिंग यायचं, थोड्या वेळाने बंद. आयपीव्ही४वर हेच सेन्सर बिनतक्रार चालत होते, त्यामुळे सगळ्यांचा संशय नव्या प्रोटोकॉलवर.

रीडिंग गोळा करणाऱ्या कंट्रोलरच्या बाजूने पॅकेट कॅप्चर (नेटवर्कवरून जाणारी पॅकेटं टिपून पाहणं) लावलं. ‘हा पत्ता कोणाचा?’ अशी नेबर सॉलिसिटेशन एकामागून एक जात होती, उत्तर नाही. सेन्सरच्या पोर्टवर पाहिलं तर ती तिथे पोचतच नव्हती! आयपीव्ही४मध्ये हा प्रश्न ब्रॉडकास्टने सगळ्यांना जातो, आयपीव्ही६मध्ये मल्टिकास्टने, म्हणजे ठरावीक गटालाच. स्विचवर एमएलडी स्नूपिंग (कोण कोणत्या गटात आहे याची यादी ठेवून फक्त त्यांनाच मल्टिकास्ट पाठवणं) चालू होतं, पण त्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात) क्वेरियरच, म्हणजे ‘गटात कोण आहे?’ असं अधूनमधून विचारणाराच, नव्हता. कोणी विचारत नाही म्हणून सेन्सर पुन्हा हजेरी लावत नाही, आणि साधारण २६० सेकंदांनी स्विच त्याला यादीतून काढून टाकतो.

क्वेरियर सुरू केला, सेन्सर टिकले. स्नूपिंग बंद करूनही भागतं, पण मग बॅटरीवरच्या सेन्सरना नको ती पॅकेटंही ऐकावी लागतात. ते मला पटत नाही. आणि हो, फायरवॉलवर आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६चे सूचना आणि त्रुटी कळवणारे संदेश) सरसकट अडवू नका. ‘पॅकेट फार मोठं आहे’ ही सूचना त्यातूनच येते.