गळ्यात माळ, समितीत नाव

मुलगी दुसरीत असताना एका पालकसभेला मी गेले नव्हते, आणि नेमकी त्याच सभेत मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य झाले. शिक्षण हक्क कायदा सांगतो की समितीत किमान 75 टक्के पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. आमच्याकडे बायकांचा आकडा भरत नव्हता, म्हणून कुणीतरी माझं नाव घातलं. निरोप आला तो नवऱ्याच्या फोनवर. पहिल्या दोन बैठकांना गेलाही तोच. इतिवृत्ताची वही मुलीच्या दप्तरातून घरी आली, मी कणकेचा हात पुसून सही ठोकली. काय ठरलं होतं, वाचलंसुद्धा नाही.

यंदा ज्यांचं नाव असंच न विचारता लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. तिसऱ्या बैठकीला स्वतः जा. नवऱ्याला चहा करायला घरी ठेवा.

आमचं गाव फलटण तालुक्यात, माउलींच्या पालखीच्या वाटेजवळ. घर माळकरी. सासूबाईंची वारी चुकत नाही, माझ्या गळ्यात लग्नाआधीपासून तुळशीची माळ, मुलीच्याही आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं म्हणून पाहुण्यांनी नाकं मुरडली, ते सोडून देऊ. समितीत गेल्यावर माझी समजूत अशी होती की देवधर्म घरी आणि शाळेत फक्त पोषण आहार, गळकं छप्पर, संडासाची दारं. वर्षाच्या आत ती मोडली.

नोव्हेंबर 2023 मध्ये शासनाचा निर्णय आला की मुलांना आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं, आणि जी खात नाहीत त्यांना केळं. लगेच विरोध सुरू झाला, त्यात आमची वारकरी मंडळीच पुढे. मग जानेवारीत सुधारणा आली: ज्या शाळेत 40 टक्क्यांहून जास्त पालकांचा विरोध असेल, तिथे अंडी देऊ नयेत. म्हणजे मुंबईतला वाद उचलून आमच्या शाळेच्या ओसरीवर आणून ठेवला. पालकांना विचारायचं कुणी? समितीने. आणि समितीत माळ घातलेली मी एकटी.

आता नीट लक्ष द्या, कारण अशी वेळ तुमच्यावर कशावरूनही येऊ शकते. एकाने सुचवलं, मारुतीच्या देवळात सभा घेऊ आणि हात वर करायला सांगू. देवळात, गावकीसमोर, ‘माझ्या पोराला अंडं द्या’ म्हणून कोण हात वर करील? ज्यांच्या घरी महिन्यातून दोनदा मटण शिजतं तेही खाली बघत बसले असते. मी म्हटलं, चिठ्ठ्या काढू. घरोघरी चिठ्ठी, ‘हवं’ किंवा ‘नको’, नाव नाही, पेटी शाळेत. हे मला काही फार सुचलं म्हणून नाही. आमच्या भिशीचा नंबर तसाच काढतो.

52 घरांतून 49 चिठ्ठ्या आल्या. 17 ‘नको’, म्हणजे 40 टक्क्यांच्या आत, अंडी सुरू झाली. त्या 17 मध्ये माझी नव्हती. माझ्या मुलीने काय खायचं ते मी ठरवीन, पण ऊसतोडीला आईबाप गेलेलं पोर आजीजवळ राहतं, त्याच्या ताटातलं अंडं मी का काढू, एवढाच हिशोब मी केला होता. तो चुकला असं आजही वाटत नाही. सप्ताहात महाराजांनी कीर्तनात नाव न घेता दोन टोमणे मारले. मी दुसऱ्या रांगेत टाळ धरून बसले होते. टाळ चुकला नाही, कान मात्र तापले होते, खोटं कशाला बोलू.

पण खरी गडबड पुढेच झाली. सोय म्हणून शाळेने दोन पंगती केल्या. केळंवाले ओसरीवर, अंडंवाले लिंबाखाली. कुणाच्या मनात काही नव्हतं, वाटायला बरं पडावं एवढंच. तिसऱ्या शुक्रवारी मुलगी घरी येऊन म्हणाली, “आई, बाकावरची मैत्रीण म्हणते, ‘मला शिवू नको, मी अंडं खाल्लंय.’” सात-आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडी ‘शिवू नको’. आमच्या गावात कोणती घरं ओसरीवर आली आणि कोणती लिंबाखाली, हे लिहायची गरज नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं.

सासूबाई गवार मोडत होत्या. म्हणाल्या, “पुनवेला गोपाळपुरात काला होतो, तवा कुणी कुणाच्या तोंडात लाही घातली ते इचारत्यात व्हय? आन् ह्या शाळंत दोन पंगती?” पुढच्या बैठकीत मी हेच वाक्य जसंच्या तसं सांगितलं. कायद्याचं कलम काढलं असतं तर अर्धे लोक जांभया देत बसले असते. पंगत एक झाली, हजेरीच्या क्रमाने. अंडं सोलून द्यायचं नाही, केळंही नाही; एकाच टोपलीतून ज्याचं त्याने उचलायचं, ज्याचं त्याने सोलायचं. आहार शिजवणाऱ्या मावशींचं कामही हलकं झालं.

म्हणून सांगते, समितीत गेल्यावर निर्णयापेक्षा त्याची वाटणी कशी होते ते बघायला शाळेत जा. जेवणाच्या सुट्टीत, न सांगता. चव नोंदवहीत सही करायची असेल तर आधी घासभर खिचडी खा. चतुर्थी-एकादशी असेल तर सही दुसऱ्याला करू द्या. उपासाच्या दिवशी ‘चव चांगली’ लिहिलेल्या सह्या मी त्या वहीत पाहिल्यात.

जानेवारी 2025 मध्ये शासनाने अंड्यांचे पैसे बंद केले. द्यायची तर लोकवर्गणीतून द्या, म्हणाले. गणपती मंडळाच्या पोरांनी चार आठवडे चालवली, मग उन्हाळा आला, परीक्षा आल्या, संपलं. पंगत अजून एकच आहे.

राहता राहिली वही. आता ती दप्तरातून येत नाही, मी शाळेत बसून वाचते. शेवटच्या ठरावाखाली जागा रिकामी दिसली की आधी आडवी रेघ मारा, मग सही करा, आणि तारीख स्वतःच्या हाताने घाला.