टाकाऊ वाळूवर नजर ठेवा: किनाऱ्यावरची जड खनिजं काढण्याची रीत

नव्या इंजिनिअरला मी काळ्याभोर कॉन्सन्ट्रेटच्या, म्हणजे वेगळ्या काढलेल्या जड खनिजांच्या, ढिगाकडे नेत नाही. पलीकडे पाइपातून पडणाऱ्या पांढऱ्या वाळूपाशी नेतो. तिला आम्ही टेलिंग म्हणतो. समजा, प्लांटमध्ये तासाला १०० टन वाळू जाते आणि तिच्यात १० टक्के जड खनिजं आहेत. टेलिंगमध्ये १ टक्का जड कण सापडले तर कुणी दचकत नाही. पण टेलिंग असतं ९० टनांच्या आसपास. म्हणजे तासाला ९०० किलो माल वाया गेला, आलेल्या मालाचा ९ टक्के! कॉन्सन्ट्रेट कितीही देखणं असो, हे नुकसान त्यात दिसत नाही. प्रत्येक टप्प्यावर आधी फेकलेलं तपासायचं, ही सवय लागली की बाकीचं जमतं.

सुरुवात किनाऱ्यापासून. वादळानंतर वाळूवर काळा पट्टा उमटतो आणि माणसं हुरळून जातात. लाट वर येताना सगळे कण आणते, परतताना हलकं क्वार्ट्झ (साध्या पांढऱ्या वाळूचे कण) जास्त ओढून नेते, जड कण मागे राहतात. पट्टा त्यातून बनतो. तो दोन बोटं जाडीचाही असू शकतो. वरची वाळू मुठीत घेऊन साठ्याचा अंदाज बांधू नका. फावड्यानं उभा छेद घ्या, काळे-पांढरे थर बघा, आणि मग ड्रिलिंगचं जाळं आखा: किनाऱ्याला समांतर अंतर मोठं, आडवं अंतर कमी, कारण साठे लांबट आणि अरुंद असतात. पाण्याच्या पातळीखाली भोक ढासळतं आणि वरची वाळू खालच्या नमुन्यात मिसळते. तिथे केसिंग, म्हणजे भोकाला आधार देणारी नळी, घातल्याशिवाय घेतलेला नमुना मी सरळ टाकून देतो.

वाळू कुठल्या खडकातून आली हेही आधीच विचारा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू मुख्यतः बेसॉल्टच्या मुलखातली: इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोह असलेली काळी खनिजं मिळतात, झिरकॉन-मोनाझाइट शोधून फारसं हाती लागत नाही. केरळात चवऱ्याच्या वाळूमागे जुने रूपांतरित खडक आहेत, म्हणून तिथे इल्मेनाइटबरोबर रुटाइल, झिरकॉन, सिलिमनाइट आणि मोनाझाइटही येतं. रंग दोन्हीकडे काळाच.

प्रयोगशाळेत नमुना वाळवून वजन करा, धुऊन चिखल काढा, जाड कण चाळणीनं बाजूला करा. उरलेली वाळू जड द्रवात टाकली की क्वार्ट्झ तरंगतं, जड खनिजं तळाशी बसतात. पूर्वी यासाठी ब्रोमोफॉर्म वापरत, घनता पाण्याच्या २.८९ पट. ते विषारी आहे. पॉलिटंगस्टेटची तशीच जड पण कमी धोक्याची द्रावणं मिळत असताना मी तरी त्याच्या वाटेला जाणार नाही. तळाचा माल धुऊन, वाळवून मोजला की जड खनिजांची टक्केवारी मिळते. पण सगळं जड कामाचं नसतं. पायरॉक्सिन, हॉर्नब्लेंड ही बिनकामाची खनिजंही बुडतात. माल सूक्ष्मदर्शकाखाली घ्या: झिरकॉन पारदर्शक, दोन्ही टोकांना निमुळता, रुटाइल लालसर तपकिरी आणि तेजदार, मोनाझाइट मधाच्या रंगाचा, गोलसर, गार्नेट गुलाबी. लोहचुंबक लावताना त्याच्यावर आधी प्लास्टिकची पिशवी चढवा, नाहीतर मॅग्नेटाइट खरवडत बसाल.

परवानगीशिवाय पुढे पाऊल नाही. भारतात मोनाझाइट हे अणुखनिज आहे आणि २०१९पासून ते असलेल्या किनारी वाळूचं खाणकाम सरकारी मालकीच्या कंपन्यांपुरतंच राखीव आहे. खणण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पाणी भरपूर आणि वाळू मोकळी असेल तर तळं करून त्यात ड्रेजर (पाण्याखालची वाळू उपसणारं यंत्र) आणि तरंगता प्लांट सोडतात. कठीण थर, चिकणमाती किंवा वाळूची कोरडी टेकडी असेल तर लोडर.

प्लांटच्या ओल्या भागात काम घनतेचं. क्वार्ट्झ २.६५, सिलिमनाइट ३.२, गार्नेट ४च्या आसपास, रुटाइल ४.२, झिरकॉन आणि इल्मेनाइट ४.७च्या जवळपास, मोनाझाइट ५ किंवा त्याहून थोडं जास्त. हा फरक स्पायरल वापरतं. हम्फ्रीज स्पायरल १९४३ साली पहिल्यांदा क्रोमाइटच्या वाळूवर कामाला लागलं. तत्त्व अजून तेच. वाळू-पाण्याचं मिश्रण वळणाच्या पन्हळीतून उतरतं, जड कण आतल्या कडेला सरकतात, क्वार्ट्झ पाण्याबरोबर बाहेर फेकलं जातं. सुपात पाखडताना हात एका लयीत चालावा लागतो, तसा इथे प्रवाह एकसारखा लागतो. मिश्रण दाट झालं की कणांना सरकायला जागा उरत नाही, फार पातळ झालं की बारीक झिरकॉन पाण्याबरोबर जातो. स्प्लिटर, म्हणजे पन्हळीतला जड आणि हलका प्रवाह वेगळा करणारी पट्टी, सरकवण्याआधी मिश्रणाची घनता मोजा. बहुतेक जण उलट करतात आणि शिफ्टभर स्प्लिटरशी झगडत राहतात.

चिखलाकडेही लक्ष असू द्या. पाण्यात माती वाढली की पाणी जड आणि चिकट होतं आणि बारीक कण बसत नाहीत. जड खनिजांचे कण क्वार्ट्झपेक्षा मुळात बारीक असतात, कारण लाटांनी बारीक जड आणि जाड हलके कण एकत्रच बसवलेले असतात. त्यामुळे टेलिंग नुसतं तोलू नका, चाळा. नुकसान बारीक चाळणीवर निघालं तर माती किंवा पाणी तपासा. जाड कणांत निघालं तर प्रवाहाचा वेग आणि स्प्लिटर बघा.

ड्राय मिल, म्हणजे वाळवलेल्या कॉन्सन्ट्रेटमधली खनिजं एकमेकांपासून वेगळी करतात तो भाग, हे माझं आवडतं ठिकाण. इथे घनता कामाची नाही: झिरकॉन आणि इल्मेनाइट एकाच वजनाचे. मग विजेचा गुण वापरायचा. गरम, कोरडी वाळू फिरत्या रोलवर पडते, वर हजारो व्होल्टची तार. इल्मेनाइट आणि रुटाइल आपला विद्युतभार लगेच रोलला देतात आणि फेकले जातात. झिरकॉन, मोनाझाइट, गार्नेट, सिलिमनाइट भार सोडत नाहीत, रोलला चिकटून राहतात, ब्रशनं खाली पडतात. पुढे चुंबक: फेकलेल्यांतून इल्मेनाइट ओढलं जातं, रुटाइल उरतं, चिकटलेल्यांतून गार्नेट आणि मोनाझाइट ओढले जातात, झिरकॉन-सिलिमनाइट उरतात. त्या दोघांत घनतेचा फरक मोठा, शिवाय फ्लोटेशनही (बुडबुड्यांना चिकटवून कण वर काढणं) आहे. काही साठ्यांत चुंबक आधी, वीज नंतर. क्रम वाळूवर ठरवा, दुसऱ्या प्लांटच्या नकाशावरून नाही.

रोलवर रुटाइलमध्ये झिरकॉन यायला लागला की लोक व्होल्टेज वाढवतात. आधी वाळूला हात लावून बघा, मग ड्रायरचं तापमान. कणावर ओलाव्याचा पापुद्रा असेल तर झिरकॉनही वाहक असल्यासारखा वागतो. त्याहून लबाड म्हणजे मीठ. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून ड्रायरच्या आधी गोड्या पाण्यानं धुवायला कंजुषी नको. धुऊनही सुधारलं नाही तर कणांवर लोहाचा किंवा मातीचा लेप असतो. दाट मिश्रणात कण एकमेकांवर घासून तो काढावा लागतो.

मोनाझाइटमध्ये थोरियम असतं, भारतीय मोनाझाइटमध्ये ऑक्साइडच्या रूपात ८ ते १० टक्क्यांच्या आसपास. वाळूत विखुरलेलं असताना किरणोत्सर्ग पसरलेला असतो, आपण ते एका जागी गोळा करतो. ढीग वेगळा, कुंपणात, माणसांच्या बसण्या-उठण्यापासून लांब. धूळ नाकात जाणार नाही अशी सोय, बंद खोलीत खेळती हवा, छातीवर डोसिमीटर, म्हणजे किरणोत्सर्गाची मात्रा मोजणारा बॅज. बॅज कपाटात ठेवणाऱ्याला मी शिफ्टवर घेत नाही.

स्वच्छ क्वार्ट्झ खड्ड्यात परत जातं. समुद्राला लागून असलेली वाळूची पहिली टेकडी खणायची नाही, मागच्या जमिनीचा बांध तोच असतो. वरची माती सुरुवातीला वेगळी काढून ठेवा आणि शक्य तितक्या लवकर नव्या टेकडीवर पसरा. तिच्यात तिथल्याच वनस्पतींचं बी असतं, आणि ढीग करून ठेवलं की ते मरत जातं.