सिनियरकडून शिकायचं तर मशिनपाशी उभे राहा

"सिनियर लोक काही सांगतच नाहीत," अशी नव्याने लागलेल्या मुलांची तक्रार असते. मेंटेनन्समधल्या माझ्या अनुभवानुसार ते लपवत नसतात. टेबलापाशी जाऊन "सर, मला पंप शिकवा" म्हटलं, की मॅन्युअलात आहे तेवढंच ते सांगतात. बाकीचं सुचतं ते काम समोर असताना.

आमच्याकडे एका पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज येऊ लागला. सगळे नवं बेअरिंग आणायला निघाले. आमच्या फोरमनसाहेबांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंग हाउसिंगला (बेअरिंग बसतं त्या घराला) टेकवलं, मूठ कानाला लावली, मग तेच केसिंगवर, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचावर केलं आणि सक्शनचा स्ट्रेनर (पंपात पाणी येतं त्या बाजूची गाळणी) उघडायला सांगितला. तो चोंदलेला होता. मी तिथेच विचारलं, "साहेब, बेअरिंग नाही हे कशावरून?" म्हणाले, "मग आवाज हाउसिंगवर मोठा आला असता. हा केसिंगवर मोठा आहे, आणि सक्शनच्या दाबाचा काटाही खाली आलाय." दाब कमी पडल्याने पाण्यात वाफेचे बुडबुडे होत होते आणि पुढे दाब वाढला की इम्पेलरवर, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकावर फुटत होते. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात, ते मी पुस्तकात वाचलं होतं. ते ओळखायचं कसं, हे त्या दिवशी कळलं.

म्हणून "काय केलंत" यापेक्षा "दुसरं का नाही केलंत" हे विचारा. घरी गेल्यावर लिहून काढा आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच वाचायला द्या. चुकीचं दिसलं की ते खोडतात, आणि खोडताना आणखी चार गोष्टी सांगतात.

हे लिहून ठेवणं फार महत्त्वाचं आहे. नासाच्या मार्शल केंद्रातल्या तरुण इंजिनिअरांनी सॅटर्न-५ रॉकेटचं एफ-१ इंजिन अभ्यासाला घेतलं, तेव्हा ड्रॉइंग्ज होती, पण कारागिरांनी जुळणी करताना केलेले बारीक फेरफार त्यांत नव्हते. इंजिन खोलून, भाग स्कॅन करून ते शोधावे लागले. जानेवारी २०१३ मध्ये त्याचा गॅस जनरेटर (इंधनाचे पंप फिरवायला गरम वायू देणारा भाग) पुन्हा पेटवला गेला.

आपल्याकडचंही द्या, फक्त चारचौघांत शिकवायला जाऊ नका. साहेबांच्या रजिस्टरमधली व्हायब्रेशनची रीडिंग्ज मी एक्सेलमध्ये भरून आलेख काढला आणि एकटे असताना दाखवला. एका उडीवर बोट ठेवून ते म्हणाले, "इथे फाउंडेशनचे बोल्ट सैल निघाले होते." रजिस्टरात त्याचा उल्लेखही नव्हता. तेव्हापासून त्या शीटमध्ये 'कारण' नावाचा एक रकाना आहे; तो साहेब सांगतात आणि मी भरतो.