गाण्यासोबत येणारी आठवण कशी टिपून ठेवावी

विविध भारतीवर एक जुने गाणे लागले की माझ्या दंडांना खाज सुटते. भाव वाढेल या आशेने वडिलांनी त्या वर्षी कापूस विकला नव्हता, माजघर आढ्यापर्यंत भरले होते आणि आम्ही भावंडे त्याच ढिगावर झोपत होतो. कोनाड्यातल्या रेडिओवर ते गाणे लागले ती रात्र अंगाला अजून आठवते. त्या गाण्यात ना कापूस आहे, ना शेत. अशा आडवळणाच्या आठवणी विदर्भातल्या प्रत्येक गावात आहेत आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून त्या वेळीच लिहून घ्याव्यात, असे मला मनापासून वाटते.

प्रथम गाण्याची निवड करावी. लग्नात आणि वरातीत दरवर्षी वाजणारे गाणे शक्यतो टाळावे, कारण त्याला इतके प्रसंग चिकटलेले असतात की त्यातला एकही स्पष्टपणे वर येत नाही. मध्यंतरी अनेक वर्षे कानावर न पडलेले गाणे अधिक उपयोगी ठरते. सांगणाऱ्याच्या वयाच्या दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यानची गाणी आधी घ्यावीत, कारण उतारवयात माणसाला त्याच काळातले प्रसंग अधिक आठवतात. गाणे मोबाईलवर लावायचे असेल तर पडदा पालथा ठेवावा. चित्रपटातील दृश्य डोळ्यांपुढे आले की स्वतःचे चित्र मागे सरते. गाणे एकदाच, पूर्ण लावावे आणि ते संपेपर्यंत कोणी बोलू नये.

जात्यावरच्या ओव्यांसाठी मात्र वेगळी रीत लागते. "आजी, ओवी सांगा" असे म्हटल्यावर त्या दोन ओळींवर थांबतात, कारण ती ओवी हाताच्या फेऱ्यासोबत पाठ झालेली असते. घरात जाते असेल तर मूठभर ज्वारी घालून ते फिरवू द्यावे, नसेल तर सुपात तांदूळ पाखडायला द्यावेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांच्या पुढाकाराने 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या संग्रहात ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गावही नोंदवलेले आढळते. आपणही वहीत तेवढे अवश्य लिहावे.

खरे कौशल्य प्रश्नात आहे. "या गाण्यावरून काय आठवते?" असे विचारले की सर्वांना ठाऊक असलेले उत्तर मिळते. भुलाबाई या मुलींच्या सणाचेच पाहा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली घरोघरी गाणी म्हणत आणि शेवटी डबा वाजवून आतला खाऊ ओळखायला लावत, हे कोणीही सांगेल. मी एका आजींना एवढेच विचारले, "तुमच्या घरच्या डब्यात काय होते?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "त्या साली घरात काहीच नोयतं. मायनं डब्यात चिचोके टाकले होते, अन् मी कोणाले डबा उघडू देल्ला नाही." म्हणून हातात काय होते, पायाखाली काय होते, वास कसला येत होता, असेच विचारावे.

उत्तर त्यांच्याच वऱ्हाडीत, जसेच्या तसे उतरवावे. "नोयतं"चे "नव्हते" केले की तो आवाज हरवतो. साल चुकले तर सांगणाऱ्याला अडवू नये, समासात टीप करावी. आकाशवाणीचे नागपूर केंद्र 1948 मध्ये आणि विविध भारती 1957 मध्ये सुरू झाली, एवढे ध्यानात ठेवले तरी रेडिओच्या बऱ्याच आठवणींचा काळ पडताळता येतो. एखाद्या गाण्यामागे मरण निघाले तर वही मिटावी, चहा ठेवावा आणि त्या दिवशी पुढचा प्रश्न विचारू नये.

प्रत्येक आठवणीनंतर एक पान कोरे सोडावे आणि आठ दिवसांनी लिहिलेले वाचून दाखवावे. चिंचोक्यांची नोंद ऐकल्यावर त्या आजींनी कोऱ्या पानासाठी आणखी एक गोष्ट सांगितली: मैत्रिणींना डब्याच्या आवाजावरून चिंचोके कळले होते, तरीही त्या दिवेलागणीपर्यंत मुद्दाम चुकीचीच नावे घेत राहिल्या होत्या.