चिकूच्या कुळातली झाडं कशी ओळखायची (सुरुवात बीपासून करा)

झाड ओळखायचं म्हटलं की सगळे आधी फूल शोधायला लागतात. पण या कुळात फुलं बारीक असतात, मळकट रंगाची, पानांखाली खाली तोंड करून लटकलेली, अर्ध्या वेळेला फांदी इतकी वर की दिसतच नाहीत. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, आधी चिकूची बी हातात घ्या.

बी धुवा, पुसून कोरडी करा आणि उजेडात जरा तिरकी धरा. काळपट, चकचकीत, पॉलिश मारल्यासारखी दिसेल, आणि तिच्या एका कडेला लांबच लांब अरुंद फिकट पट्टा दिसेल, त्याला अजिबात चमक नाही. हा पट्टा म्हणजे बी फळाच्या आत जिथे चिकटलेली होती ती जागा, बीची बेंबीच म्हणा ना. कडक चकचकीत साल आणि त्यावर हा मंद, बहुतेकदा मोठा व्रण, ही जोडी या कुळाची सर्वात भरवशाची खूण आहे, आणि बी वाळली, वर्षभर डबीत पडून राहिली तरी ती तशीच राहते. फूल दोन दिवसात जातं.

कुळाचं नाव सॅपोटेसी. ज्यूसिअ नावाच्या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाने १७८९ साली हा गट मांडला. जाती हजाराच्या आसपास आहेत, अमेरिका, आफ्रिका, आशिया सगळीकडच्या उष्ण भागात पसरलेल्या. चिकू, खिरणी, बकुळ, मोह, स्टार अ‍ॅपल, आफ्रिकेतलं शिया, मलेशिया-इंडोनेशियाकडचं गुट्टा पर्चा, ही सगळी भावंडं. वरवर बघून एकमेकांची वाटत नाहीत, म्हणून तर खुणा शिकायच्या.

आता समजा समोर अनोळखी झाड आहे आणि खाली बी नाही. मग चीक बघा. कोवळ्या पानाचा देठ हळूच मोडा आणि घाई न करता थोडं थांबा, पांढरा दुधासारखा चीक येतो का ते बघा. जून पानात किंवा कोरड्या दिवसात अगदी टिपकाच येतो, कधी येतच नाही, अशा वेळी दुसरा कोवळा शेंडा किंवा कच्चं फळ बघायचं, एका पानावरून निकाल लावू नका. खोडाला कोयता मारायची काहीच गरज नाही. आणि हे मात्र मनापासून सांगते, अनोळखी झाडाचा चीक डोळ्याजवळ नेऊ नका, जिभेला लावू नका, हात लगेच धुवा, कारण पांढरा चीक असलेली काही झाडं चांगलीच त्रासदायक असतात, खारफुटीतल्या गेव्याचा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होऊ शकतं.

पांढरा चीक दिसला म्हणजे चिकूचं कूळ असं नाही, इथेच बहुतेक लोक फसतात. म्हणून आता एकेक नाव गाळत जायचं. वड, पिंपळ, फणस यांनाही चीक असतो पण त्यांच्या शेंड्यावरची कोवळी पालवी टोपीसारख्या उपपर्णात (पानाच्या बुडाशी येणाऱ्या पातळ आवरणात) गुंडाळलेली असते आणि ती टोपी गळली की फांदीवर गोल कड्यासारखी खूण राहते, तशी स्पष्ट कडी दिसली की वडाचं कूळ. पानं समोरासमोर किंवा सातवणीसारखी चक्रात असतील तर रुई-कण्हेरीच्या कुळाकडे बघा. त्यात चाफा अपवाद आहे, त्याची पानं एकाआड एक असतात, पण त्याच्या फांद्या जाड मांसल असतात आणि पानाच्या कडेने एक शीर धावते, त्यामुळे गोंधळ होत नाही. देठावर किंवा पानाच्या बुडाशी बारीक ग्रंथी आणि नर-मादी फुलं वेगळी असतील तर एरंडाच्या कुळाची शक्यता जास्त. चीक पिवळा आणि पानं समोरासमोर, तर कोकमाचं कूळ.

एवढं गाळून उरलं तर पान नीट बघा. चिकूच्या कुळात पान साधं असतं, संयुक्त कधीच नाही. कडा अखंड, दाते नाहीत, बहुतेकदा जाडसर चामड्यासारखं, पानं एकाआड एक आणि फांदीच्या टोकाला झुपका करून बसलेली. काही जातींत फांदीची वाढ टप्प्याटप्प्याने होते, आडवी थोडी जाते, टोक वर वळतं, तिथे झुपका, आणि खालून नवीन फांदी पुढे निघते, देशी बदामाचं झाड बघितलं असेल तर ही ठेवण लगेच कळेल.

मग खिशातलं १० पटीचं भिंग काढा, हा माझा सर्वात आवडता भाग. शेंड्यावरची न उमललेली पालवी, कोवळ्या पानाची मागची बाजू, कळीची बाहेरची बाजू, इथे बऱ्याचदा गंजाच्या रंगाची लव असते. साधी लव एका टोकाला चिकटलेली आणि दुसरीकडे मोकळी असते, पण इथला केस मधे चिकटलेला आणि दोन्ही बाजूंना हात पसरलेला, इंग्रजी टी अक्षरासारखा. कधी एक हात लांब आणि एक आखूड. १० पटीत प्रत्येक वेळी स्पष्ट दिसेल असं नाही, पण सगळे केस पृष्ठभागाला समांतर झोपलेले दिसतात आणि त्यामुळे पानाला रेशमी झाक येते. स्टार अ‍ॅपलच्या पानाची मागची बाजू सोनेरी-तांबूस चमकते ना, ती याच केसांमुळे. पांढरा चीक अधिक असे तांबूस आडवे केस अधिक एकाआड एक अखंड पानं, हे तिन्ही एकत्र मिळालं की फूल-फळ नसतानाही मी कुळाचं नाव बऱ्यापैकी खात्रीने लिहिते.

फूल मिळालंच तर सोडू नका. ते पानाच्या बगलेत किंवा पानं गळून गेलेल्या फांदीवर घोळक्याने येतं. पाकळ्या खाली एकमेकींना जुळून छोटी नळी झालेली असते आणि पुंकेसर त्या नळीलाच चिकटलेले असतात. सुईने नळी उभी फाडून पसरा आणि पुंकेसर नेमके कुठे आहेत ते बघा. पुष्कळ कुळांमध्ये ते दोन पाकळ्यांच्या मधल्या फटीसमोर असतात, इथे ते पाकळीच्या बरोबर समोर असतात, आणि फटीसमोरच्या जागेत बऱ्याच जातींमध्ये वांझ पुंकेसर असतात, पाकळीसारखे दिसणारे, पराग नसलेले. बकुळीचं फूल खाली पडतं तेव्हा मधे भोक असतं ते लहानपणापासून बघितलेलं असतं, पण ते का असतं? कारण जुळलेल्या पाकळ्या पुंकेसरांना घेऊन एकत्रच गळतात, अंडाशय वर फांदीवरच राहतो, तो जिथून निसटला ते भोक.

आता मोजायचं, कारण कुळाच्या आत कोणती प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) ते आकड्यांवरून कळतं. चिकू आणि खिरणीत बाहेरची हिरवी-तपकिरी निदलं ३ बाहेर ३ आत अशी ६, पुंकेसर ६, वांझ ६. बकुळीत ४ बाहेर ४ आत अशी ८, पाकळ्याही ८, पण प्रत्येक पाकळीला पाठीमागून दोन जोडपाकळ्या फुटतात म्हणून फुलाला २४ टोकं दिसतात, घाईत मोजलं तर चुकतंच. मोहात निदलं २ आणि २ अशी ४, पुंकेसर मात्र वीसेक किंवा जास्तही, आणि वांझ पुंकेसर नाहीत. मोह पानं गाळतो आणि फुलांचे झुपके फांद्यांच्या टोकाला येतात, गुबगुबीत पाकळ्या गळल्या तरी लांब कुक्षिवृंत (अंडाशयावरचा बारीक दांडा) तसाच बाहेर डोकावत राहतो, लांबूनही ओळखू येतो. स्टार अ‍ॅपलच्या प्रजातीत साधारण सगळं ५ च्या हिशोबात आणि निदलांचा एकच घेर.

खिरणी आणि बकुळ यांच्यात पानांवरून घोटाळा होतो, दोन्ही गर्द हिरवी आणि चकचकीत. खिरणीच्या पानाचं टोक बोथट, मधे खाच पडलेलं, आणि बकुळीचं टोक निमुळतं, कडा लाटांसारखी. तरी शंका राहिली की परत बी. बकुळीच्या बीवरचा व्रण बुडाशी छोटा गोल, खिरणी आणि चिकूचा बाजूने लांबट. शियाच्या बीवर तर भला रुंद फिकट पट्टा असतो. चिकू आणि खिरणी इतके जवळचे, एकाच प्रजातीतले, की चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात आणि ते जमतं.

चिकाबद्दल अजून एक, नाहीतर तो फक्त ओळखीपुरताच वाटेल. गुट्टा पर्चाच्या चिकात आणि रबरात मूळ रेणू एकच, पण साखळीतली जोडणी वेगळी, म्हणून रबर ताणतं आणि हे थंड झालं की कडक होतं, गरम पाण्यात परत मऊ. पाण्याखाली ते टिकतं आणि वीज बाहेर जाऊ देत नाही, म्हणून १८५१ साली इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधे समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबलवर याचंच आवरण होतं. त्यासाठी झाडं तोडून चीक काढायचे आणि जंगलातली झाडं बेसुमार संपली, हे वाचलं की फार वाईट वाटतं.

बीबद्दल एक गोष्ट फार फिरते ती पण सांगून ठेवते. मॉरिशसमधलं तांबालाकोक याच कुळातलं, त्याची बी भयंकर कडक. १९७७ साली एका शास्त्रज्ञाने मांडलं की डोडो पक्ष्याने ती बी गिळल्याशिवाय रुजतच नाही आणि डोडो संपला म्हणून झाड संपत आलं. पण नंतर लक्षात आलं की डोडो गेल्यानंतर उगवलेली झाडंही आहेत आणि बी पक्ष्याशिवायही रुजते, त्यामुळे ही गोष्ट जशीच्या तशी पुढे पाठवू नका.

बिया गोळा करताना झाडाखाली पडलेल्याच घ्या, धुवून सावलीत वाळवा, कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते. पाकिटावर तारीख, जागा, चीक होता की नाही, लवेचा रंग कोणता हे तिथेच लिहा, आणि त्याच झाडाचं एक दाबून वाळवलेलं पान सोबत ठेवा. व्रणाचा फोटो काढायचा असेल तर लाइट बाजूने पडू द्या, समोरून फ्लॅश मारला की चकचकीत भाग आणि मंद भाग सारखेच पांढरे येतात.