शेगडी घेताना आधी सांगा, पाइप की सिलिंडर

बडोद्यात आता बऱ्याच घरांत पाइपचा गॅस आहे, तरी दुकानात शिरलं की आपण आधी काचेचा रंग बघतो. पहिला प्रश्न गॅसचा. सिलिंडरचा गॅस शेगडीपाशी साधारण ३० मिलिबार दाबाने येतो, पाइपचा २१च्या आसपास. शिवाय तेवढ्याच घनफळात पाइपच्या गॅसची उष्णताही कमी, म्हणून त्याला मोठ्या भोकाचं जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारी छोटी तोटी) लागतं. सिलिंडरची शेगडी तशीच पाइपला जोडली तर ज्योत मरतुकडी राहते, डाळ शिजता शिजत नाही. उलट केलं तर ज्योत पिवळी होऊन भडकते, भांडी काळी होतात आणि ते धोक्याचंही आहे. जेट बदलायचं काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

मग बर्नरमधलं अंतर. घरातला मोठा कुकर आणि पुरणपोळीचा तवा टेपने मोजून न्या. दुकानात रिकामी शेगडी ऐसपैस वाटते. घरी तवा चढवला की शेजारचा बर्नर झाकला जातो. माझ्या मते अडचणीच्या चारपेक्षा सुटसुटीत तीन बर्नर बरे. (चौथ्यावर एरवी दुधाचं पातेलंच बसलेलं असतं!)

बर्नर पितळी घ्या. काच टफन्ड, म्हणजे मुद्दाम मजबूत केलेली, असली तरी उतरवलेला कुकर तिच्यावर टेकवू नका. ओट्यात बसणारा हॉब हवा असेल तर ग्रॅनाइट कापण्याआधी मॉडेल ठरवा, कारण प्रत्येकाचं कापायचं माप वेगळं. आयएसआय खूण तेवढी बघून घ्या.