पार्किन्सनच्या रुग्णाची शस्त्रक्रिया ठरली असेल तर

वडिलांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी ‘तोंडाने काही द्यायचे नाही’ अशी सूचना मिळाली आणि सकाळी ८ ची लेव्होडोपाची (पार्किन्सनवरच्या मुख्य औषधाची) गोळी डबीतच राहिली. अकरा वाजेपर्यंत त्यांना कुशीवर वळता येईना, संमतिपत्रावर सही करायला दिलेले पेनही बोटांत धरवेना. उपाशीपोटी असतानाही ही गोळी बहुधा घोटभर पाण्याबरोबर घेता येते, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते.

रक्तातील लेव्होडोपा साधारण दीड तासात निम्म्यावर येते, त्यामुळे एक गोळी चुकली तरी ताठरपणा वाढतो आणि गिळणे अवघड होते. औषध एकाएकी बंद पडल्यास क्वचित तीव्र ताप येऊन जिवावर बेतू शकते. म्हणून तारीख ठरताच मेंदूविकारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ या दोघांनाही भेटावे. सर्वसाधारणपणे घन अन्न किमान ६ तास आणि साधे पाणी २ तास आधी बंद करतात. त्या काळातील गोळीचे काय करायचे, हे भूलतज्ज्ञांकडून केसपेपरवर लिहून घ्यावे. शक्यतो सकाळची पहिलीच शस्त्रक्रिया मागून घ्यावी.

गोळ्यांचा तक्ता करताना ‘दिवसातून चार वेळा’ असे मोघम न लिहिता नाव, मात्रा आणि नेमकी वेळ लिहावी: ६, १०, २, ६. वॉर्डातील औषधवाटपाच्या वेळा वेगळ्या असतात, तेव्हा सिस्टरांशी आधीच बोलावे आणि घरच्या गोळ्या मूळ पाकिटासह सोबत न्याव्यात.

तक्त्याखाली लाल शाईने टाळायची औषधे लिहावीत. उलटीवर सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड, तसेच प्रोक्लोरपेराझिन आणि भ्रमावरचे हॅलोपेरिडॉल ही औषधे पार्किन्सनमध्ये आधीच कमी पडणाऱ्या डोपामिन या मेंदूतील रसायनाचे कार्य रोखतात. रुग्ण पार्किन्सनवरचे रासाजिलिन किंवा सेलेजिलिन घेत असेल तर पेथिडिन हे वेदनाशामक देऊ नये, ट्रॅमाडॉल हे वेदनाशामकही टाळावे. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन आधी थांबवायचे का, हे डॉक्टरच ठरवतील. मेंदूला विद्युत स्पंदने देणारे डीबीएसचे यंत्र बसवलेले असल्यास ते आवर्जून सांगावे, कारण शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या विद्युत उपकरणाचा त्यावर परिणाम होऊ शकतो.

शुद्धीवर आल्यावर गिळता येत नसेल तर नाकातील नळीवाटे औषध देता येते, परंतु सावकाश विरघळणारी गोळी कुटून देऊ नये. पहिल्यांदा उठवताना रक्तदाब एकदम उतरू शकतो. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवावे, चक्कर येत नाही ना हे विचारावे आणि मगच दोघांनी धरून उभे करावे.